चादरीवरचं नाव

सेक्रेटरी आले तेव्हा सातवी एका दंतवैद्याच्या थडग्याच्या दगडावरचं शेवटचं अक्षर कोरत होती. अक्षर हातात असताना ती कुणाकडे मान वर करून बघत नाही, हे दगडाच्या त्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेक्रेटरींनाही ठाऊक होतं. तरी ते दोनदा खाकरले, एकदा शिंकले आणि शेवटी हातातला कागद त्यांनी थेट तिच्या छिन्नीसमोर धरला. चर्चच्या कमिटीचं सेक्रेटरीपद सोळा वर्षं त्यांच्याकडे होतं आणि सोळा वर्षांत त्यांना कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं.

"नऊ नावं आहेत," ते म्हणाले. "वर एक ओळ. महिनाअखेरीला बिशप येणार आहेत, त्यांच्या हस्ते अनावरण. काळा दगड घ्या, चांगला पाच फुटी."

सातवीने फुंकर मारून अक्षरातली भुकटी उडवली, चष्मा पुसला आणि मग कागद घेतला. वरची ओळ होती, 'देवाला प्रत्येकीचं नाव ठाऊक आहे.' खाली नऊ मुलींची नावं. त्यातलं सहावं नाव तिचं स्वतःचं होतं.

हे कसं, ते आधी सांगून टाकायला हवं. चर्चच्या मागे मुलींचा अनाथाश्रम होता. त्यात बारा खाटा. प्रत्येक खाटेच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ब्लँकेट, अंगातले झगे, सगळ्यावर लाल दोऱ्याने एकेक नाव शिवलेलं असायचं, धुवायला गेलेले कपडे एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. एखादी पोर मोठी होऊन बाहेर पडली, कुणी दत्तक नेली किंवा मेली, की तिचे कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे, वाळवायचे आणि पुढची पोर आली की तिला द्यायचे. कपड्यांवर नाव तर होतंच. ते बदलायचं म्हणजे सगळं उसवा आणि पुन्हा शिवा. त्यापेक्षा पोरीचं नाव बदलणं सोपं. दुसऱ्या रविवारी त्याच नावाने बाप्तिस्मा केला की झालं. चादरीला नाव होतं म्हणून पोरीला ते नाव. साठ वर्षं हा कारभार चालला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पोरी कशा छान स्वच्छ दिसायच्या.

एकाच नावाच्या चार-चार पोरी मागेपुढे होऊन गेल्यावर कपडे धुणाऱ्या बाईचा मात्र गोंधळ व्हायला लागला. ती सरळ खाटेच्या आकड्याने हाक मारायची. सातव्या खाटेवरची ती सातवी. नाव चिकटलं ते कायमचं. पुढे दगडाच्या कारखान्यातल्या मुलाशी हिचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाचे मित्र त्याला विचारत होते, आधीच्या सहा कुठे ठेवल्यास रे? नवरा आजही हा विनोद सांगतो आणि आजही एकटाच हसतो. सातवीला त्या नावाचा राग नव्हता. आकडा हा आकडा असतो, तो आपण नाव आहोत असं सोंग आणत नाही. राग होता तो चादरीवरच्या नावाचा. ते नाव ती फक्त सरकारी कागदावर सही करण्यापुरतं वापरायची.

"नऊच?" तिने विचारलं.

"नऊच. आश्रमामागच्या जागेत पोरींना पुरलेलं आहे ना, तिथले लाकडी क्रूस पार कुजले. एकेक करत बसण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक दगड, असं ठरलं."

"क्रूस एकोणीस होते. मी मोजलेत."

"हो, पोरी एकोणीसच. मी रजिस्टर बघितलं ना," सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाले. "पण नावं नऊच. तीच तीच परत येतात. आता एकच नाव चारदा कोरलं तर लोक म्हणतील, कारागीर झोपेत होता. म्हणून मीच सुचवलं, प्रत्येक नाव एकदाच. सगळ्या आल्याच त्यात."

सातवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हातोडी खाली ठेवली. ती हातोडी खाली ठेवते तेव्हा नवरा पॉलिशचं मशीन बंद करतो; त्याने ते बंद केलं.

"सेक्रेटरीसाहेब, तुमच्या घरी किती जण वारले आजवर?"

"म्हणजे?"

"आजोबा, वडील, काका. तिघांचं आडनाव एकच ना? मग एकाच्याच नावाचा दगड लावायचा होता. सगळे आलेच त्यात."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. मग लाल झाला. "आम्ही चांगलं करायला जातो आणि वर बोलणी खातो. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दगड कोरणारे दुसरेही आहेत."

"जमेल," सातवी म्हणाली. "पण सहाव्या ओळीत हे नाव येणार नाही. सातव्या खाटेवर जी मेली, तिचं हे नाव नव्हतंच. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे. ते येईल."

"कुठे नोंद आहे?"

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे म्हणजे कुठल्या कागदावर?"

सातवीकडे कागद नव्हताच. सेक्रेटरी जाताना दारातून म्हणाले, "ताई, आपल्या मनात आलं म्हणून चर्चच्या दगडावर काहीही कोरता येत नाही," आणि दंतवैद्याच्या दगडाला अडखळून गेले.

नवऱ्याने मशीनवरचा चिखल फडक्याने पुसायला घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती, की हिच्या रागात मध्ये हात घालायचा नाही. पण शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"कुणाचं नाव ग?"

"माझ्या आधीच्या सातवीचं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"कुणालाच सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि मग दगडावर बसून तिने सांगितलं.

ती आश्रमात आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि खाट रिकामी नव्हती. म्हणून तिला सातव्या खाटेशेजारी जमिनीवर एक चटई दिली. खाटेवर नऊ वर्षांची पोर होती, पुढचा दात पडलेली. त्या फटीतून ती अशी शिट्टी वाजवायची की सिस्टर दचकून खिडकीबाहेर पाखरू शोधायच्या. मग तिला ताप आला, आणि तो उतरेना. दुपारी जेवणानंतर तासभर सगळ्यांनी गप्प पडून राहायचं असा नियम होता. त्या तासाला थोरली खाटेच्या कडेवरून डोकं खाली घालून हिच्याशी कुजबुजायची. जुनी नावं उच्चारायला बंदी होती. ते नाव गेलं, बाप्तिस्म्याचं नाव तेवढं खरं, असं सांगून हातावर पट्टी बसायची. एका दुपारी थोरली म्हणाली, मी मेले तर माझं नाव कुणालाच माहीत नसणार. तू ठेवतेस? आणि तुझं मला दे, मी ठेवते. विसरायचं नाही, देवाची शपथ. दोघींनी एकमेकींच्या कानात आपापलं नाव सांगितलं. थोरलीचा श्वास तापाने इतका गरम होता की हिच्या कानाला चटका बसला.

"तिचं नाव मी रोज म्हणायचे," सातवी म्हणाली. "तोंड धुताना, भांडी घासताना, प्रार्थनेच्या रांगेत. आजही म्हणते. माझं मात्र कधी म्हटलं नाही. ते सांभाळायचं काम तिचं होतं ना! सहा वर्षांच्या पोरीची अक्कल. ती मेली, आणि वर्षभराने माझ्या लक्षात आलं की मला माझं नाव आठवतच नाही."

नवऱ्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. हे सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "चटईवर मला फार थंडी वाजायची. मी देवाला सांगायचे, ही खाट लवकर रिकामी कर. इतकी वर्षं त्याच्याकडे जे काही मागितलं, त्यातलं हे एकच त्याने ताबडतोब दिलं. माझं नाव विचारते, ते काही सांगत नाही. हे मात्र ऐकलं त्याने. असला कसला देव हो?"

नवरा उठला आणि तिच्यासाठी चहा करून घेऊन आला. साखर घालायला विसरला होता, पण ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली. फादर तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्या टेबलावर इतके कागद होते की बोलताना त्यांना मान वाकडी करून पलीकडे बघावं लागायचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग दोन्ही हात जुळवून म्हणाले, "मला तुमचं दुःख कळतं. पण दगडावर काहीही असो, देवाला त्या मुलीचं नाव ठाऊक आहेच. हा आपला विश्वास आहे."

"फादर, देवाला ठाऊक आहे म्हणून आपण लिहायचं नाही, तर मग दगड तरी कशाला लावायचा? त्याला ती कुठे पुरलीय हेही ठाऊक असेल."

फादरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"आणि त्याला ठाऊक आहे, तर चार लोकांना सांगायला त्याचं काय जातंय?" सातवीचा आवाज चढला. बाहेर फुलदाण्या धुणारी बाई धुवायची थांबली. "साठ वर्षं तुम्ही लोकांनी पोरींना वापरलेली नावं दिली. आणि आता वर लिहिता, प्रत्येकीचं नाव त्याला ठाऊक आहे! मग तुम्हाला विचारायला काय झालं होतं? एकेकीला समोर उभं करून, 'बाळ, तुझं नाव काय', एवढंच! देवाच्या नावावर सगळं ढकलून मोकळे. त्याच्या लक्षात आहे, म्हणजे आपण विसरायला हरकत नाही!"

फादरांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण हे त्यांनी म्हटलं नाही, याचं सातवीला मागाहून बरं वाटलं. ते म्हणाले, "कमिटीला काहीतरी आधार लागेल. मोठ्या सिस्टर अजून आहेत. आश्रम त्याच चालवायच्या ना? त्यांनी साक्ष दिली तर मी सेक्रेटरींना गप्प करतो. शब्द देतो."

मोठ्या सिस्टर! सातवीने चाळीस वर्षांत त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हाताऱ्या सिस्टरांसाठी बांधलेल्या घरात त्या राहत होत्या, बसने पाऊण तासाच्या अंतरावर. तो पाऊण तास सातवी मनातल्या मनात भांडत गेली. बसमधल्या शेजारणीने दोनदा विचारलं, मला काही म्हणालात का?

मोठ्या सिस्टर खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. ज्यांच्या पावलांचा आवाज आला की बारा पोरी श्वास रोखायच्या, त्यांचे पाय आता ब्लँकेटखाली नुसते ठेवून दिल्यासारखे होते. त्या ब्लँकेटच्या कोपऱ्यावरही लाल दोऱ्याने काहीतरी शिवलेलं होतं. ते बघून सातवीचं डोकं आणखीच फिरलं.

"आश्रमातली का तू?" सिस्टरांनी डोळे बारीक केले. "कुठली खाट?"

"सातवी."

"कुठली सातवी? सातव्या पाच झाल्या."

सातवी बसली नाही. उभ्यानेच तिने दगडाची गोष्ट सांगितली, नऊ नावांची, एकोणीस पोरींची. सिस्टर ऐकत होत्या. ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही दोघी होतो. पोरी बारा, कधी पंधरा. चूल एक. पाणी खालून आणायचं. तुला वाटतं मला हौस होती? नावं बदलायला सवड कुणाला होती?"

"सिस्टर, ती नावं मी शिवलीत. आठ वर्षांची असल्यापासून शिवत होते. फाटलेल्या चादरीवरचं नाव उसवून नव्या चादरीवर घालायचं, हे माझंच काम होतं. एक नाव उसवायला किती वेळ लागतो, मला विचारा. अर्धा तास! एका जिवाला द्यायला अर्धा तास नव्हता तुमच्याकडे?"

सिस्टरही काही मऊ बाई नव्हत्या. "माझंसुद्धा नाव काढून घेतलं होतं," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "वीस वर्षांची होते. व्रत घेतलं त्या दिवशी नवीन नाव दिलं. घरून पत्रं आली तीसुद्धा त्याच नावाने. मी कुठे रडले? नाव ही देवासाठी सोडायची गोष्ट आहे, असं मला शिकवलं. तेच मी तुम्हाला शिकवलं."

"तुम्ही सोडलंत," सातवी म्हणाली. "तुमच्याकडे होतं, म्हणून सोडलंत. तुम्हाला आजही आठवतंय ते. आमचं कुणी सोडायला सांगितलं? आमचं तुम्ही काढून घेतलंत."

बाहेर ताटल्यांची गाडी गडगडत गेली.

"मला ती पोर आठवते," सिस्टर मग म्हणाल्या, जरा वेगळ्या आवाजात. "शिट्टी वाजवायची ती."

"तिचं नाव मला ठाऊक आहे. ते दगडावर यायला हवं. ते खरं आहे, एवढं तुम्ही फादरांना सांगा."

"मला कसं ठाऊक असेल? मी विचारलं नाही."

"तेच म्हणतेय मी! तुम्ही विचारलं नाहीत!" सातवीने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. दगडावर पडायची सवय असलेला तो हात, खुर्ची हलली. "माझं नाव ठेवतेस का, हे तिला मला विचारावं लागलं. नऊ वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या पोरीला. तिने तिचं नाव माझ्याकडे ठेवायला दिलं, आणि माझं ती घेऊन गेली. आणि नंतर तुम्ही मला धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवलंत, आजार लागेल म्हणून. मला तिला शेवटचं बघूही दिलं नाहीत. माझं नाव गेलं तिच्याबरोबर मातीत. बावन्न वर्षं झाली. कळतंय का तुम्हाला, मी काय म्हणतेय ते?"

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा ब्लँकेटवरचा हात हळूहळू वर आला आणि तोंडावर गेला.

"थांब," त्या म्हणाल्या. "तुझं नाव तिच्याकडे होतं?"

"हो."

"शेवटचे तीन दिवस ती एकाच नावाने हाक मारत होती. एकच नाव, सारखं. मी विचारलं, कोण ती? आई का? तर नाही म्हणून मान हलवायची. मला वाटलं धाकटी बहीण असेल, मेलेली. तिच्या जिवाची तगमग बघवेना, म्हणून मी तिला वचन दिलं, त्या नावासाठी मी रोज प्रार्थना करीन. तेव्हा कुठे ती शांत झाली. मी केली. रोज केली. मृतांसाठी जी प्रार्थना करते ना, त्यात ते पहिलं नाव. आज सकाळीही घेतलं."

आणि त्यांनी ते नाव उच्चारलं.

ते मी इथे लिहिणार नाही. तिची नावं ज्याने त्याने हवी तशी ठेवली आणि वापरली. हे एक तरी तिच्यापाशी राहू दे. एवढंच सांगते, की ते ऐकल्याबरोबर सातवीने झटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. अंगणातून आपल्याला कुणीतरी जेवायला बोलावलं, असं तिला वाटलं. दारात कुणी नव्हतं. ओठांपर्यंत आलेली ओ तिने गिळली, आणि मग कुठे ती समोरच्या खाटेवर बसली.

तिला रडू येईल असं सिस्टरांना वाटलं असणार, कारण त्यांनी हात पुढे केला. पण सातवीचा संतापच उफाळून आला.

"मृतांमध्ये?" ती म्हणाली. "बावन्न वर्षं तुम्ही मला मेलेल्यांत धरलंत? मी तिथेच होते. तुमच्या डोळ्यांसमोर भांडी घासत होते, तुमच्या चादरी शिवत होते. रोज सकाळी तुम्ही देवाला माझं नाव सांगत होतात आणि वळून मला दुसऱ्याच नावाने हाक मारत होतात!"

"मला ठाऊक नव्हतं ग पोरी."

"त्याला ठाऊक होतं ना! मग तो का नाही बोलला? रोज ऐकत होता!"

सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

"मेलेल्यांतून काढा मला."

"काढते. आणि कुठे घालू?"

"जिवंतांत घाला. आणि माझ्या जागी तिला घ्या, तिच्या नावाने." सातवीने त्यांच्या कानाशी वाकून ते दुसरं नाव सांगितलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून दुसऱ्या माणसाच्या कानात गेलं.

सिस्टरांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "फादरांना फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी साक्ष देते."

"तुम्हाला तर ठाऊक नव्हतं."

"तिला तुझं बरोबर ठाऊक होतं. मग तुला तिचं चुकीचं कसं ठाऊक असेल?"

दगडाला अकरा दिवस लागले. फादरांनी शब्द पाळला, सेक्रेटरींनी तोंड फुगवलं, आणि सातवीने कारखान्याच्या त्या कोपऱ्यात पडदा लावून घेतला. नवऱ्यालाही आत येऊ दिलं नाही. वरची ओळ तिने कोरली. ती कोरताना प्रत्येक अक्षराला तिने देवाशी भांडण काढलं, आणि म्हणूनच की काय, इतकी खोल आणि सरळ अक्षरं तिच्या हातून त्याआधी कधी उतरली नव्हती.

दगड बसवला त्या संध्याकाळी सेक्रेटरी बघायला आले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. ओळीखाली एकोणीस जागा आखलेल्या होत्या, प्रत्येकीभोवती बारीक चौकट. त्यातल्या एका चौकटीत एक नाव होतं. बाकीच्या अठरा कोऱ्या, नुसत्या पॉलिश केलेल्या.

"नऊ नावं कुठे आहेत?" सेक्रेटरी ओरडले.

"ती चादरींची होती. चादरी इथे पुरलेल्या नाहीत."

"अहो, पण अठरा रिकाम्या? उद्या बिशप येणार आहेत! मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, आम्ही विचारलं नाही," सातवी म्हणाली. "आणि त्यांनी विचारलं, मग कुणाला ठाऊक आहेत, तर वरची ओळ वाचून दाखवा. ती तुमचीच आहे."

सेक्रेटरी फादरांकडे धावले. फादर आले, दगडासमोर उभे राहिले. चौकटीतल्या कोऱ्या पॉलिशमध्ये त्यांचाच चेहरा दिसत होता. त्यांनी एवढंच म्हटलं, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी बरी होती. बिशप बोलले, थोडं लांबलंच. सेक्रेटरी पहिल्या रांगेत घाम पुसत बसले होते. मोठ्या सिस्टरांना खुर्चीतून आणून दगडापाशी ठेवलं होतं. सातवी सगळ्यांच्या मागे, नवऱ्याशेजारी, भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिचा राग गेला नव्हता. जाईल असं कुणी सुचवलं असतं तर तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं.

फादरांनी मृतांसाठी प्रार्थना म्हटली आणि दगडावरचं ते एक नाव मोठ्याने वाचलं. मागच्या भिंतीवर कुणीतरी शिट्टी वाजवावी असं सातवीला फार वाटलं. कुणी वाजवली नाही. मग फादर म्हणाले, आता जे हयात आहेत त्यांच्यासाठी. ज्यांना कुणाचं नाव घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं.

मोठ्या सिस्टरांनी खुर्चीच्या दांड्याला धरून मान वर केली आणि पोरींना रांगेत उभं करताना लावायच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात एक नाव घेतलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्या नावाची बाई त्यांच्यात कुणी नव्हती. सेक्रेटरींनी हातातली यादी चाळून पाहिली. नवऱ्यालाही ते नाव ठाऊक नव्हतं. पण शेजारी उभ्या असलेल्या बायकोची हाताची घडी सुटलेली त्याने पाहिली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तिचं नाव कळलं.

सिस्टरांनी पुन्हा हाक मारली.

"ओ!" सातवी म्हणाली. फार मोठ्याने म्हणाली, आणि रागाने म्हणाली, इतक्या उशिरा हाक मारणाऱ्याला म्हणावं तसं. तिची नजर सिस्टरांकडे नव्हती, थेट दगडावरच्या त्या पहिल्या ओळीकडे होती.